डबा स्लो झालाय!

हॉस्टेलवर कुणाचा पीसी स्लो झाला की अर्ध्या तासात त्याच्या रूमवर सहा डॉक्टर जमतात. एक म्हणतो व्हायरस आहे, दुसरा म्हणतो रॅम वाढव, तिसरा काही न बोलता विंडोजचा पेन ड्राईव्ह घेऊनच येतो. ‘फॉरमॅट मार’ हे आपल्याकडचं रामबाण औषध! सेकंड इयरपर्यंत मीही याच पंथातला होतो. पण २०२३ च्या दिवाळीत घरी जाऊन जो पराक्रम केला, त्यानंतर पंथ बदलला. मी मेकॅनिकलचा, तेव्हा कॉम्प्युटर ब्रँचच्या मंडळींनी काही चुकलं-माकलं तर पोटात घालावं.

तासगावात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या असली कामं. आण्णा पेजमेकर आणि कोरल ड्रॉवर काम करतात. मशीन २०१२ सालचं, असेंबल केलेलं. आय-थ्री २१२० प्रोसेसर, एच-६१ बोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ७ होतं, त्यावर नंतर कुणीतरी विंडोज १० चढवलं होतं.

घरी पोचलो तेव्हा आण्णा म्हणाले, “सकाळी बटण दाबतो, मग देवपूजा करतो, चहा घेतो, तरी ते आपलं गोल गोलच फिरत असतंय.” मी मोबाईलवर वेळ लावली. बटण दाबल्यापासून पेजमेकर उघडेपर्यंत ११ मिनिटं! गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं होतं, “बोर्ड जुना झालाय, नवीनच घ्या, तीस हजारांत बसेल.” तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. त्या तोंडावर तीस हजार काढायचे म्हणजे कागदाचा माल उचलायला पैसे उरत नाहीत. आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मशीन हँग झालं की ते ‘जरा जाऊन येतो’ म्हणून उठतं, ते पुढच्या दुकानातच जातं.

“आण्णा, तुम्ही काळजी करू नका. दोन दिवसांत पळवतो,” मी म्हणालो. इंजिनिअर मुलगा ना!

पहिले दोन दिवस मी जे केलं ते आपण सगळेच करतो. टेम्प फाईल्स उडवल्या. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद केले. दोन दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यातला एक काढला (हे मात्र खरंच करावं, दोघं मिळून प्रत्येक फाईल दोनदा तपासत बसतात). डेस्कटॉपवरचा पसारा आवरला. ११ मिनिटांची साडेनऊ झाली. मग म्हटलं आता डीफ्रॅगच मारू आणि रात्री लावून झोपलो. सकाळी बघतो तर आकडा ११ टक्क्यांवर अडकलेला आणि कॅबिनेटमधून आवाज येतोय. टक्... टक्... थोडं थांबून परत टक्.

मेकॅनिकलवाल्याला हा आवाज ओळखता आला नाही तर काय उपयोग? कॅबिनेटमध्ये (ज्याला आपल्याकडे सगळे ‘सीपीयू’ म्हणतात) पंखे सोडले तर हलणारी वस्तू एकच, हार्ड डिस्क. आजार तिथे होता, आणि मी त्या आजारी माणसाला रात्रभर पोती उचलायला लावली होती. डीफ्रॅग म्हणजे डिस्कवरचे तुकडे वाचायचे आणि दुसरीकडे नेऊन परत लिहायचे. मरू घातलेल्या डिस्कवर याच्याइतकं वाईट काम नाही. त्या डिस्कवर आण्णांच्या अकरा वर्षांच्या फाईली होत्या, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या. बॅकअप? २०१७ सालची एक सीडी, तीही ओरखडे पडलेली.

आता थोडी थिअरी. जुना कॉम्प्युटर ‘थकतो’ असं आपण म्हणतो, पण प्रोसेसर थकत नाही. २०१२ साली तो ३.३ गिगाहर्ट्झवर चालत होता, आजही तेवढ्यावरच चालतो. बदलतात त्या बाकीच्या गोष्टी. सॉफ्टवेअर जड होत जातं, धुळीने पंखा आणि हीटसिंक बुजतो, आणि डिस्क झिजते. यातलं नेमकं काय झालंय हे अंदाजाने ठरवायचं नसतं, मोजायचं असतं. आणि मोजायचं साधन विंडोजमध्येच आहे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, आणि मशीन रडत असताना चार आकडे बघा.

आमच्याकडे प्रोसेसर ७ टक्के, मेमरी ८१ टक्के, डिस्क १०० टक्के. पण डिस्कवरून येणारा डेटा होता सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. इथेच बहुतेकांची फसगत होते. १०० टक्के म्हणजे खूप डेटा चाललाय असं नाही, तर डिस्क सतत गुंतलेली आहे एवढंच. त्याखाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो, खरी नाडी ती. आमच्या मशीनवर हा आकडा मध्येच १८०० मिलिसेकंदांवर जात होता. धडधाकट डिस्कवर साध्या कामाला तो दहा-वीसच्या आसपास असावा.

दहा-वीसच का, तर हिशोब करून बघा, फर्स्ट इयरचाच आहे. डिस्क मिनिटाला ७२०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी असलेली जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७. त्याआधी आर्म योग्य ट्रॅकवर जायला साधारण ९ मिलिसेकंद. एकूण झाले १३. म्हणजे विखुरलेल्या जागी वाचायचं असेल तर चांगली डिस्कसुद्धा सेकंदाला साधारण ७५ वेळाच वाचू शकते! प्रत्येक वेळी ४ केबी धरले तर ३०० केबी झाले. तीच डिस्क सलग मोठी फाईल वाचताना सेकंदाला १०० एमबी सहज देते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या छोट्या फाईली इकडून तिकडून उचलाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, तिथे हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. जुन्या मशीनला एसएसडी लावल्यावर ‘नवीन झालं’ असं वाटतं ते यामुळे.

आणि डिस्कचा एखादा सेक्टर खराब असेल तर? पहिल्या झटक्यात वाचता आलं नाही की डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी कधी कित्येक सेकंद. तोवर विंडोज तोंडाकडे बघत बसतं, आणि आपण म्हणतो ‘हँग झालं’.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यातल्या तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी-५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत ठेवलेले, आणि सी-६ म्हणजे दुरुस्तच न झालेले. आमच्याकडे तिन्ही ओळी शून्याच्या वर आणि वर पिवळ्या रंगात ‘कॉशन’. (सी-७ एकटीच वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब असते. शंभर-सव्वाशेची केबल बदलून बघा.) निळा ‘गुड’ दिसला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता.

मी आण्णांना खरं ते सांगितलं. डीफ्रॅगचंही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “निघतंय तेवढं काढ. आधी चालू वर्षाची कामं.”

हा क्रम त्यांनी सांगितला, आणि तोच बरोबर होता. डिस्क जाते आहे असं दिसलं की दुरुस्तीची सगळी नाटकं बंद. चेकडिस्कसुद्धा नाही, कारण तीही अख्खी डिस्क खरवडते. आधी डेटा. मी मशीन विंडोजमधून सुरूच केलं नाही. पेन ड्राईव्हवरून लिनक्स मिंट लाईव्ह चालवलं, म्हणजे विंडोजची स्वतःची उठाठेव तरी डिस्कवर होत नाही, आणि पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडलं. मित्राकडून एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क मागून आणली. कॉपी-पेस्ट न करता आरसिंक वापरलं. ते न वाचता आलेल्या फाईलचं नाव नोंदवतं आणि पुढे जातं. डिस्कची अवस्था याहून वाईट असेल तर डीडीरेस्क्यू हे खरं हत्यार. ते सोपा भाग आधी काढतं आणि अवघड जागा शेवटी ठेवतं. आणि डेटा लाखमोलाचा असेल, डिस्क ओळखलीच जात नसेल, तर हात न लावता सरळ रिकव्हरीवाल्याकडे जावं. मी हे वीस वर्षांच्या आगाऊपणात केलं.

कॉपीला दिवस आणि रात्र लागली. मध्ये दोनदा टक् टक् वाढलं तेव्हा बंद करून तासभर थंड होऊ दिली. आई अधूनमधून येऊन ‘निघालं का रे?’ विचारायची. शेवटी यादी आली: सगळं निघालं, ३७ फाईली सोडून.

पुढचं काम त्यामानाने सोपं. २४० जीबीची एसएसडी आणली. एच-६१ बोर्डाचे साटा पोर्ट जुन्या वेगाचे, सेकंदाला ३०० एमबीच्या आतले, म्हणून दुकानदार म्हणत होता ‘फायदा नाही’. पण वरचा हिशोब बघा, आपला त्रास सलग वेगाचा नव्हताच.

रॅमची गंमत वेगळीच निघाली. सिस्टिममध्ये लिहिलेलं होतं, ४ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२४. कारण विंडोज ३२ बिटचं! २०१२ साली टाकणाऱ्याने ३२ बिट टाकलं आणि अपग्रेडही तसंच झालं. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पलीकडे दिसत नाही, आणि त्यातलाही काही पत्ता ग्राफिक्ससारख्या भागांना द्यावा लागतो. यात आठ काय, सोळा जीबी टाकली असती तरी पैसे पाण्यात. रॅम म्हणजे कामाचं टेबल समजा आणि डिस्क म्हणजे माळा. टेबल भरलं की विंडोज सामान माळ्यावर टाकतं आणि लागेल तसं खाली आणतं. आमचा माळाच मोडकळीला आलेला, त्यात या खेपा! एसएसडीवर ६४ बिटचं विंडोज कोरं टाकलं (आवृत्ती तीच असल्याने जुनं लायसन्स चाललं), ४ जीबीची जुनी डीडीआर-३ स्टिक जोडली. एकच अडचण आली. ६४ बिटवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे आण्णांच्या १९९८ च्या बॉर्डर-चित्रांच्या सीडीचा सेटअप सुरू होईना. सीडीतली चित्रं सरळ कॉपी करून घेतली.

आता कॅबिनेट उघडलाच होता म्हणून ब्रशने धूळ काढली. कागदाच्या दुकानातली धूळ ती, हीटसिंकवर गादीच तयार झाली होती. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, तेव्हा हाही स्लो होण्याचा एक छुपा मार्ग आहे. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा.) खोडरबरने रॅमचे पाय घासायचं आपलं राष्ट्रीय औषध डिस्प्ले येत नसेल तर कधी कधी लागू पडतं, वेगाशी त्याचा काही संबंध नाही.

बटण दाबल्यापासून पेजमेकरपर्यंत ४८ सेकंद. एकूण खर्च अडीच हजारांच्या आत. आण्णांनी दोनदा बंद करून परत चालू करून बघितलं. जाता जाता, तुम्ही हीच परीक्षा घ्याल तेव्हा ‘रिस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊन म्हणजे अर्धवट झोपच असते. मशीन रोज बंद होत असूनही टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ कित्येक दिवस दाखवतो तो यामुळे.

हे मशीन काही अमर झालेलं नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत थोडे अपवाद सोडले तर इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत, आमचा दुसऱ्या पिढीचा. म्हणून त्याची नेटची वायर काढून टाकली आहे. ते फक्त डिझाईनचं काम करतं, बाकीचं मोबाईलवर. दर शनिवारी आण्णा स्वतः कामाचं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करतात.

त्या ३७ फाईलींपैकी बहुतेक जुनी बिलं होती. एक मात्र गणपतीचं चित्र होतं, आण्णांनी २०१४ साली कोरलमध्ये माऊसने एकेक रेघ ओढून काढलेलं. तालुक्यातल्या किती पत्रिकांवर ते गेलं असेल कोण जाणे. छापील नमुन्यांच्या गठ्ठ्यातून एक पत्रिका काढून समोर ठेवली आणि दोन संध्याकाळी बसून त्यांनी ते परत काढलं. या वेळची सोंड जास्त चांगली आली आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.