वाटीभर पेज आणि बाळाची उंची

आठ किलो वजनाच्या, दहा महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी किती मावते? सुमारे २४० मिलिलिटर. आईच्या दुधाखेरीज त्याला वरच्या अन्नातून दिवसाला ३०० किलोकॅलरी लागतात. आता नाचणीची पेज घ्या. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम पीठ, म्हणजे ३३ किलोकॅलरी. पोटभर पेजेतून जेमतेम ८०! म्हणजे दिवसातून चारदा भरवायला हवे.

मजुरीला जाणारी आई सकाळी आणि संध्याकाळी, दोनदाच भरवू शकते. तिला अडाणी ठरवणारे हा हिशेब मांडत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० पैकी ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आढळली.

पीठ दुप्पट घालावे, तर पेजेचा गोळा होतो; बाळाला तो गिळवत नाही. मात्र नाचणीला मोड आणून, वाळवून दळली तर मोडातील अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. दुप्पट पिठाची पेजही पातळ राहते. (मोडाची नाचणी फार भाजू नये; उष्णतेने विकर निकामी होते.) दोन वेळांतच ३२० किलोकॅलरी!

अर्थात उंचीला डाळ, दूध, अंडीही हवीत. वारंवार जुलाब झाले तर खाल्लेलेही अंगी लागत नाही. शिवाय मोड आणायला दोन-तीन दिवस, स्वच्छ पाणी आणि कोणाची तरी सवड लागते. ती सवड घरात कोणाकडे आहे?