पाणी, चरबी आणि पीळदार शरीर

(द्वितीय वर्ष, कला)

शरीरसौष्ठव स्पर्धा जवळ आली की आमच्या वसतिगृहातील काही मुले पाणी तोडतात. दोन दिवस घोटभर पाण्यावर राहिले म्हणजे स्नायू फुटून दिसतात, अशी त्यांची ठाम समजूत. मी कला शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु ओठ सुकलेले मित्र पाहून ग्रंथालयात जाऊन शोध घ्यावासा वाटला. जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम चरबीचा विचार करू. त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. तो जाड असेल तर खालचा स्नायू कितीही कमावलेला असो, गोधडीखाली झाकल्यासारखा राहतो. माझे वडील हमाली करतात. त्यांनी व्यायामशाळेची पायरी कधी चढलेली नाही, पण पोते उचलताना त्यांच्या दंडावरची शीर न् शीर मोजता येते. याउलट दूध-तुपावर पोसलेल्या पैलवानाच्या अंगावर रेषा दिसत नाहीत. म्हणून त्याची ताकद कमी असते काय? रेषा दिसणे वेगळे आणि बळ असणे वेगळे.

ही चरबी दोन दिवसांत जात नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्या खर्ची पडायला आठवडे लागतात. शिवाय ती पूर्णपणे घालवताही येत नाही. पुरुषाच्या शरीरात सुमारे ३ टक्के आणि स्त्रीच्या शरीरात सुमारे १२ टक्के चरबी जगण्यासाठीच आवश्यक असते.

मग काट्यावर झटपट उतरते ते काय? बहुतांशी पाणी! साठ किलोच्या तरुणाच्या शरीरात अदमासे ३६ लिटर पाणी असते. भात-भाकरीतील पिष्ट पदार्थांपासून बनणारे ग्लायकोजेन स्नायूंत साठते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. भाकरी सोडली की हा साठा संपतो, त्याबरोबर पाणीही जाते आणि एक-दीड किलो वजन घटते. पुन्हा जेवू लागताच ते परत येते. रात्री पापड-लोणचे जास्त झाले तर सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटतो, तोही मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याचाच प्रताप.

आता मुख्य मुद्दा. स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी तोडले की ते केवळ त्वचेखालून निघून जात नाही. स्नायूंतून आणि रक्तातूनही जाते. स्नायू चपटे पडतात, शिरा आत जातात. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तेच हातचे जाते. रक्त दाट होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. त्यात लघवी वाढविणारी औषधे घेतली तर शरीरातील क्षारांचा तोल बिघडून हृदयाचे ठोके चुकू शकतात. मोहम्मद बेनअझीझा हा नामांकित शरीरसौष्ठवपटू १९९२ साली हॉलंडमधील स्पर्धा जिंकून काही तासांतच मरण पावला. त्याला अशी औषधे आणि शरीरातील पाण्याची टंचाई कारणीभूत झाली, असे मानले जाते.

कुस्तीतही हेच संकट आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. घालवलेले पाणी शरीर संधी मिळताच परत मागून घेते, हे साऱ्या देशाने त्या दिवशी पाहिले.

जिमखान्यातील मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. रेषा हव्यात तर चार-सहा महिने आधीपासून आहार आखा, व्यायामात खंड पाडू नका आणि चरबी हळूहळू उतरू द्या. भाकरी एकदम सोडू नका, पाणी तर मुळीच तोडू नका. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कॉलेजात आलेले आपण पहिलेच आहोत. घरच्यांनी आपल्याला येथे धाडले ते एका चषकापायी जीव धोक्यात घालण्यासाठी खचितच नव्हे.