भिंत न फोडणारं विष

सशाच्या लहान आतड्याचा एक छोटा भाग, पोटातच, दोन टोकांना दोऱ्याने बांधलेला. त्या बंद नळीत सुईने थोडा द्रव सोडला. या द्रवात आधी कॉलऱ्याचे जिवाणू वाढवले होते, पण सोडण्यापूर्वी ते सगळे गाळून काढले होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आतड्याचा तेवढाच भाग पाण्याने टम्म फुगलेला. जिवाणू एकही नव्हता आणि तरीही कॉलरा होता. कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी केलेला हा प्रयोग १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये याच शहरात बसून स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू कॉलऱ्याचं कारण म्हणून सांगितला होता. तो काही विष सोडत असावा, असाही त्यांचा कयास होता. पण पुढची ७५ वर्षं ते विष हाती लागलं नाही, कारण बहुतेकांनी ते जनावरांच्या रक्तात टोचून पाहिलं. डे यांचा विचार साधा होता. रोग्याचं दुखणं आतड्यात आहे, तर विष आतड्यातच शोधायला हवं. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता यांनी पानसे आणि कुलकर्णी या सहकाऱ्यांबरोबर जिवाणूंचा अर्क सशाच्या पिल्लांना तोंडावाटे दिला आणि पिल्लांना कॉलऱ्यासारखेच जुलाब झाले. एकाच वर्षी दोन बंदरांच्या शहरांतून एकच उत्तर आलं. डे यांना मात्र हयातीत आपल्या देशात त्या तोलाचा मान मिळाला नाही, आणि याची चुटपुट त्यांच्याबद्दल लिहिताना दर वेळी लागते.

विष आहे हे ठरलं. पण ते करतं काय? कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलून निघतं आणि त्या जखमी भिंतीतून पाणी झरतं, अशी जुनी समजूत होती. शवविच्छेदनात अस्तर खरोखरच सुटलेलं दिसायचं. १९६० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी डॉक्टरांच्या एका गटाने थायलंडमध्ये जिवंत रोग्यांच्या आतड्याचे बारीक नमुने घेतले. नळीला जोडलेली एक लहान कुपी रोग्याने गिळायची आणि आत पोहोचल्यावर ती अस्तराचा चिमुटभर तुकडा कापून आणायची. अस्तर शाबूत होतं. आधी दिसलेलं नुकसान मृत्यूनंतरचं होतं. म्हणजे रोग्याच्या अंगातून बादल्या भरतील इतकं पाणी जात होतं आणि भिंतीला साधी चीरही नव्हती.

हे कसं होतं ते समजायला पेशीच्या वेशीवर जावं लागेल. पेशीपटल हे मेदाच्या रेणूंचं दुहेरी अस्तर असतं, जाडी मिलिमीटरचा सुमारे पाच दशलक्षांश भाग. मीठ, साखर किंवा प्रथिन त्यातून सहजी आरपार जात नाही. जायचं तर त्यात रोवलेल्या प्रथिनांच्या दारांतूनच. त्यामुळे बाहेरच्या विषाला आत पोहोचायचं असेल तर पहिली गाठ या पटलाशीच पडते.

काही जिवाणू सरळ घरफोडी करतात. गळवं आणणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचं अल्फा विष घ्या. त्याचे सात सुटे रेणू पेशीपटलावर येऊन गोल जमतात, एकत्र येऊन एक पोकळ नळी बनवतात आणि ती नळी पटलातून आरपार घुसते. भोक इतकं लहान की सर्वांत अरुंद जागी मिलिमीटरचा दशलक्षांश भाग किंवा त्याहून जरासं मोठं, पण पेशीतले क्षार बाहेर आणि बाहेरचे आत वाहायला तेवढं पुरतं. पेशी मरते.

कॉलऱ्याचं विष असं काही करत नाही, आणि मला तरी तेच जास्त थरारक वाटतं. त्याचे सहा भाग. पाच सारखे, कडं धरून बसलेले, आणि सहावा त्या कड्यावर. खरं काम सहाव्याचं. बाकीचे पाच फक्त पकड घेतात, तीही एका ठरावीक वस्तूवर. आपल्या पेशीपटलात जीएम-१ नावाचा एक मेदरेणू असतो. त्याच्या दोन शेपट्या पटलात रुतलेल्या, आणि डोक्याला पाच शर्करांचा तुरा बाहेर डोकावणारा. कड्यातला प्रत्येक भाग असा एकेक तुरा धरतो. पाची हातांनी धरलेलं मग सहसा सुटत नाही. आतड्यात जीएम-१ फार विपुल नसतो, पण जिवाणूने त्याचीही सोय केली आहे. तो एक विकर सोडतो, आणि ते विकर जीएम-१च्या अधिक फांद्या असलेल्या भावंडांच्या जादा शर्करा छाटून त्यांचाच जीएम-१ करून टाकतं.

पकड बसली की पटलाचा तेवढा भाग आत दुमडतो, त्याची पिशवी होते आणि विष त्या पिशवीतून आत जातं. मग उलटा प्रवास सुरू होतो. पेशीत तयार झालेली प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जी पिंडात आणि तिथून बाहेर जातात. हे विष त्याच वाटेने मागे, थेट जालिकेपर्यंत पोहोचतं. जालिकेत पेशीची एक शिस्त आहे. घडी चुकलेलं प्रथिन उलगडायचं आणि एका दारातून बाहेरच्या पेशीद्रवात टाकायचं, तिथे त्याची मोडतोड होते. विषाचा सहावा भाग इथे तुटतो, बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतो, उलगडला जातो आणि त्याच दारातून पेशीद्रवात उतरतो. मोडीत काढायच्या प्रथिनाला पेशी एक खूण चिकटवते. ती खूण लायसीन या अमिनो आम्लावर बसते, आणि या तुकड्यात लायसीन अगदी मोजकी आहेत. म्हणून तो वाचतो, पुन्हा घडी घालतो आणि कामाला लागतो. मेदाची भिंत ओलांडली गेली, तीही पेशीच्याच माणसांनी दार उघडून दिल्यावर.

आत एक प्रथिन आहे, रेल्वे स्टेशनावरच्या दाबायच्या नळासारखं. दाबलं की चालू, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद. विषाचा तुकडा त्या प्रथिनावर एक रासायनिक गट चिकटवतो आणि नळ उघडाच अडकतो. त्यामुळे सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू पेशीत साचत जातो, क्लोराइडची दारं सताड उघडतात, क्लोराइडमागून सोडियम आणि त्यांच्यामागून पाणी आतड्यात ओतलं जातं. जोर असेल तर तासाला एक लिटरपर्यंत. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणतात ते हेच. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत दगावायचा. आपल्या गावांनी या पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, इतकी दहशत घेतली होती की रोगाची देवी मरीआई हिचा गाडा ओढत नेऊन शिवेबाहेर सोडून यायचे. त्या माणसांना भोळसट म्हणणं मला जमत नाही. त्यांना दिसत होतं ते खरंच इतकं भयंकर होतं.

आता त्या शाबूत अस्तराकडे परत येऊ, कारण रोग्याचा जीव वाचतो तो त्याच्यामुळेच. त्याच पेशीपटलात आणखी एक दार आहे. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच उघडतं आणि दोघांना आत घेतं, मागोमाग पाणी येतं. विषाने उघडा ठेवलेला नळ या दाराला हात लावत नाही. अस्तर सोललं गेलं असतं तर दारही गेलं असतं. बांगलादेश युद्धाच्या वर्षी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटला. तो पाजण्याचं काम रोग्यांच्या नातेवाइकांनीच केलं. ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

अशा द्रावणातली, म्हणजे जलसंजीवनीतली, साखर ताकदीसाठी असते, असं अजून पुष्कळांना वाटतं. ती दारासाठी असते. तयार पुडी मिळाली नाही, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको, ते धोक्याचं. साखर वाढवली तर जुलाबच वाढतात.

आणि हे पाजत राहायचं तरी किती दिवस? आतड्याच्या अस्तरातली पेशी मुळातच तीन ते पाच दिवस जगते. मग ती गळून पडते आणि खालून नवी वर सरकते. अडकलेला नळ त्या जुन्या पेशीबरोबरच निघून जातो. तोवर जेवढं पाणी बाहेर जाईल, तेवढं घोटाघोटाने आत जात राहायला हवं.