दुधाळ्याच्या शिवारातलं माप

औंढा नागनाथाच्या गाभाऱ्यात ताठ मानेनं जाता येत नाही. अरुंद, उंच पायऱ्यांवरून अंग चोरत, वाकत खाली उतरावं लागतं, तेव्हा कुठे पिंड दिसते. दर्शन घेऊन बाहेर आलात की देवळाच्या कोरीव भिंतीवर क्षणभर तळहात ठेवा. हे कोरीवकाम यादवकाळातलं, सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचं. हा काळा दगड मात्र ज्या लाव्हाचा, तो दख्खनवर पसरला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आणि हे देऊळ ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तो परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी!

आता त्या दगडालाही पोरसवदा ठरवणारा आकडा. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली. एकाचं वजन ३६ सूर्यांएवढं, दुसऱ्याचं २९. एकत्र झाल्यावर उरले ६२. तीन सूर्यांएवढं वस्तुमान निमिषार्धात ऊर्जा होऊन गेलं आणि अवकाशच थरथरलं. ती थरथर १४ सप्टेंबर २०१५ रोजी पृथ्वीवर पोहोचली. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी ती टिपली, एकीनं दुसरीच्या आधी सुमारे ७ सहस्रांश सेकंद. सगळा खेळ जेमतेम पाव सेकंदाचा.

तशीच वेधशाळा औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात व्हायची आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. त्या हिशेबानं माणशी २२ हजार. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आतल्या नळ्यांत हवेचा दाब बाहेरच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा. त्या पोकळीतून लेसर धावणार आणि भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो ओळखणार. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर आहे. तिथपर्यंतचं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी चुकीनं मोजावं, असं हे काम.

इतक्या नाजूक यंत्राला ट्रकची धडधड, रेल्वेची घरघर, समुद्राच्या लाटांचा मारा, काहीच सोसत नाही. त्याला शांत जमीन लागते. मोठे कारखाने नाहीत, वर्दळ नाही, म्हणून ज्या भागाला आपण वर्षानुवर्षं मागास म्हणत आलो, त्याची ती शांतताच इथं कामाला आली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

याच जिल्ह्यातल्या नर्सीत नामदेवांचा जन्म झाला असं परंपरा मानते, साल १२७०. औंढ्यालाच त्यांना विसोबा खेचर गुरू लाभले. इथून हजार किलोमीटरहून दूर पंजाबात घुमानला त्यांचं देवस्थान आहे, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. मोटारी आणि तारा नसलेल्या काळात एका आवाजानं कापलेलं हे अंतर मला लेसरइतकंच थक्क करतं.

तेव्हा पुढच्या वेळी औंढ्याला जाल, तर दर्शन घेऊन लगेच परतीची गाडी धरू नका. नर्सीला जा, आणि सोबतच्या मुलांना दुधाळ्याचं शिवार कुठल्या बाजूला आहे, तेवढं नक्की दाखवा.