भिंतीवरचा इब्न बतूता

चौदाव्या शतकातल्या इब्न बतूता या प्रवाशाची तसबीर घ्यायची म्हटली, की बहुतेक वेळा एकच चित्र समोर येतं. इजिप्तच्या भूमीवर मधोमध तो उभा, डावीकडे त्याचा वाटाड्या. मूळ चित्र निव्वळ काळ्या रेषांचं. बाजारात मात्र त्यात रंग भरून, तपकिरी छटा देऊन, कॅनव्हासवर छापून केलेल्या प्रतीही मिळतात. चित्रकार लेऑं बेनेत, फ्रेंच. ज्यूल व्हर्ननं भूगोलातल्या शोधांचा इतिहास लिहिला, त्या ग्रंथासाठी हे चित्र काढलं गेलं आणि १८७८ साली छापलं गेलं. इब्न बतूताला जाऊन तेव्हा पाच शतकं उलटली होती. म्हणजे आज जगभर त्याचा म्हणून ओळखला जाणारा चेहरा बेनेतच्या कल्पनेतला आहे.

हा चेहरा फ्रान्समध्येच घडावा याला कारण आहे. १८३० साली फ्रेंचांनी अल्जीरियात पाय रोवले आणि तिथून इब्न बतूताच्या प्रवासवर्णनाची हस्तलिखितं पॅरिसला पोचली. दफ्रेमरी आणि सांग्विनेत्ती या दोघा अभ्यासकांनी १८५३ ते १८५८ दरम्यान मूळ अरबी पाठ फ्रेंच भाषांतरासह चार खंडांत प्रसिद्ध केला, आणि टँजियरचा हा प्रवासी युरोपच्या वाचकांना भेटला. बेनेत सरकारी नोकरीच्या निमित्तानं अल्जीरियात राहिलेला होता. तिथले पेहराव, तिथलं ऊन त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ते एकोणिसाव्या शतकातलं.

चित्राची कारागिरी मात्र मन लावून पाहण्याजोगी आहे. हे लाकडावरचं कोरीवकाम. बॉक्स नावाच्या झाडाचं अतिशय घट्ट लाकूड आडवं कापायचं आणि त्या छेदावर पोलादी सळईसारख्या बारीक हत्यारानं रेषा कोरायच्या. कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला शाई घेतो. या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे एकमेकांना जोडावे लागत. ठोकळ्याची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांएवढी ठेवली, की मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता येई. पुस्तकांत चित्रांची रेलचेल झाली ती यामुळे. करडी छटा अशी नसतेच, रेषा दाट-विरळ करून तिचा भास निर्माण करतात. म्हणून प्रत विकत घेताना सावलीचा भाग जवळून पाहावा. तिथली रेष न् रेष सुटी दिसली तर छपाई चांगली. नुसता काळा राप दिसला, तर कितीही उंची पट्टीची चौकट केली तरी पैसे वाया गेले.

पण खुद्द इब्न बतूताचं चित्र त्याच्या हयातीत कुणी काढलंच नव्हतं का? काढलं होतं, असं तोच सांगतो, आणि त्याच्या प्रवासवर्णनातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग हाच. चीनमधल्या एका नगरात तो सोबत्यांसह चित्रकारांच्या बाजारातून गेला. संध्याकाळी परतताना पाहतो तर भिंतींवर कागद चिकटवलेले, आणि त्यांवर त्याची नि सोबत्यांची हुबेहूब चित्रं! परदेशी माणसांची अशी चित्रं काढून ठेवायची तिथं पद्धत होती. कुणी गुन्हा करून पळाला तर चित्र गावोगाव पाठवून त्याला हुडकता येई. चीनमध्ये तो नेमका कुठवर गेला याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. ती चित्रं काही उरली नाहीत.

दख्खनमधलंही त्याचं चित्र नाही. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी काजी म्हणून राहून, पुढे त्याचा वकील म्हणून चीनकडे निघालेला हा माणूस दौलताबादेहून आणि नंदुरबारहून गेला. देवगिरीच्या किल्ल्यातल्या कैद्यांच्या खंदकात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचं त्यानं लिहिलं, तसं इथल्या द्राक्षांबद्दल आणि डाळिंबांबद्दलही लिहिलं. मराठी माणसांच्या वर्णनात कारागीर, वैद्य, ज्योतिषी येतात, भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल येतं. हे सारं त्याच्या शब्दांत आहे. वाटेत कुणी चित्रकार त्याच्याबरोबर नव्हता. शब्दही मागाहून उतरले: मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून फेज शहरात त्यानं आठवणी सांगितल्या, इब्न जुजैय नावाच्या लेखकानं त्या लिहून काढल्या, आणि १३५५ मध्ये ग्रंथ पुरा झाला.

म्हणून मला भिंतीवर दुसरंच चित्र हवंसं वाटतं. इराकमधल्या वासितच्या याह्या इब्न महमूदनं १२३७ साली हरीरीच्या ‘मकामात’ या अरबी कथासंग्रहाची एक पोथी स्वतः लिहून स्वतःच चितारली. आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यातली चित्रं इब्न बतूताच्या पुस्तकांवर सर्रास छापली जातात. तो जन्मला १३०४ मध्ये, त्यामुळे त्यांत तो असणं शक्यच नाही. चित्रांतला भटक्या आहे अबू जैद नावाचा, कथेतला बोलघेवडा. पण त्या पोथीतलं जहाज पाहा. शीड, नांगर, मागच्या टोकाला सुकाणू, खिडक्यांतून डोकावणारे उतारू, आणि फळ्या शिवल्याचे टाके. भारतातली आणि येमेनची जहाजं काथ्यानं शिवतात, हे इब्न बतूतानं स्वतः लिहून ठेवलंय. गुजरातहून गोव्याच्या आणि होनावरच्या किनाऱ्यानं खाली जाताना ज्या समुद्रावर तो होता, तिथली ही जहाजं. बेनेतनं त्याला चेहरा दिला. वासितच्या चित्रकारानं, त्याच्या जन्माआधीच, त्याचं जग काढून ठेवलं होतं. विकणाऱ्यानं या प्रतीखाली ‘इब्न बतूता’ असं छापलं असेल, तर चौकटवाल्याकडून ती ओळ माउंटखाली झाकून घ्यावी आणि याह्या इब्न महमूदचं नाव नि १२३७ हे साल लिहून घ्यावं.