अडवणारी भाषाच शिकवते

नवशिक्यांसाठी म्हणून घडवलेल्या प्रोग्रामिंग भाषांवर एक ठरलेला आक्षेप असतो: नोकरीच्या बाजारात ज्यांना कुणी विचारत नाही, त्या शिकून करायचं काय? गेल्या साठ वर्षांतला त्यांचा प्रवास पाहिला, तर या भाषा मुख्यतः अडवून शिकवतात असं दिसतं. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ आणली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा म्हणून. तीत चलाला किंमत द्यायची तर आधी ‘लेट’ लिहावंच लागे. ‘लेट एक्स = एक्स + १’ हे बीजगणितातलं समीकरण नाही, यंत्राला दिलेली आज्ञा आहे, हे त्या एका सक्तीमुळे ठसत असे. पुढे घरगुती संगणकांवरच्या बऱ्याच बेसिकमध्ये ‘लेट’ ऐच्छिक झालं आणि हा धडा निसटला.

अर्थात, प्रत्येक अडवणूक शहाणपणाची नसते. झुरिकच्या निकलाउस विर्थ यांची १९७० सालची ‘पास्कल’ प्रत्येक चलाचा प्रकार आधी जाहीर करायला लावे. त्यातून विचाराला शिस्त लागे. पण दहा संख्यांची यादी क्रमानं लावणारा कोड वीस संख्यांना चालत नसे, कारण यादीची लांबीही प्रकारातच धरलेली होती. ब्रायन कर्निहान यांनी १९८१मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं, आणि ते रास्तच होतं. म्हणून कसोटी अशी हवी: अडल्यावर विद्यार्थ्याला स्वतःच्या विचारातली चूक दिसते का?

या कसोटीला मथायस फेलायझन आणि सहकाऱ्यांच्या ‘रॅकेट’मधल्या पायरीपायरीच्या भाषा उतरतात. कंसातली ही भाषा क्रियाचिन्ह आधी मागते. सवयीनं एखाद्यानं फंक्शनमध्ये ‘एक्स + १’ असं लिहिलं, तर पूर्ण रॅकेट ते तीन सुट्या गोष्टी समजून मुकाट्यानं चालवते आणि उत्तर कायम १ देते. नवशिक्यांची पायरी मात्र तिथंच थांबवते: इथं एकच पदावली हवी होती, दोन भाग जास्त आहेत.

मग सोपी आणि बाजारातही चालणारी ‘पायथन’ पुरेशी नाही का? ॲमस्टरडॅमच्या ‘एबीसी’ या शिकाऊ भाषेवर काम केलेल्या गिडो व्हॅन रॉसम यांनीच ती घडवली. ओळी आत सरकवून रचना दाखवण्याची रीत तिथूनच आली. तरीही ‘एक्स == १ ऑर २’ ही अट पायथन बिनतक्रार स्वीकारते आणि ती कायम खरी ठरते. शिवाय बाजार एका जागी थांबत नाही: अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेनं पास्कल सोडून सी++ घेतली आणि थोड्याच वर्षांत जावा. एका सत्रानंतर भाषा बदलावी लागली तर व्याकरण नव्यानं घोटावं लागेल. पण विचाराची शिस्त टिकते. म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी नोकरीच्या जाहिराती चाळण्याआधी पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थ्यांच्या चुका गोळा कराव्यात आणि त्यांतल्या किती कोणती भाषा पकडते, ते तपासावं.