वैद्यकीय उपकरणांत पैसा घालताना: समज आणि वस्तुस्थिती

विजेवरच्या गाड्या वाढल्या की इंजिनाचे सुटे भाग कमी लागणार, ही धास्ती भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच लघुउद्योजकांना आहे. दुसरं काय बनवायचं, असा विषय निघाला की वैद्यकीय उपकरणांचं नाव येतं. नवे प्रस्ताव घेऊन तरुण अभियंतेही दारात येतात. त्यांतला कोणता निवडायचा हे ठरवताना काही समजुती आड येतात.

सर्वांत रुजलेली समजूत म्हणजे, ‘आम्ही मायक्रॉनमध्ये काम करतो, हे तर सहज बनवू.’ भाग बनवणं खरंच फार अवघड नसतं. चाकणला फिलिप्सच्या कारखान्यात शस्त्रक्रियागृहात लागणारी सी-आर्म क्ष-किरण यंत्रं बनतात, तेव्हा इथल्या हातांबद्दल शंका नको. गाडं अडतं ते पुराव्यापाशी. शरीराला स्पर्श करणारं प्लास्टिक निरुपद्रवी आहे का, निर्जंतुक केल्यावर भागाचं माप तेच राहतं का, सॉफ्टवेअर चुकलं तर रुग्णाचं काय होईल, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चाचण्या करून कागदावर द्यावं लागतं. एफएमइए (संभाव्य बिघाडांचं विश्लेषण), पीपॅप (भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत), बॅचचा माग ठेवणं हे वाहनउद्योगानं इथे पक्कं रुजवलं आहे. त्यामुळे वैद्यकीय उपकरणांसाठीचं आयएसओ १३४८५ हे मानक इथल्या माणसाला परकं वाटू नये. या पट्ट्याची खरी पुंजी मला या शिस्तीत दिसते.

‘साधं उपकरण आहे, परवाना कशाला?’ हे पूर्वी बऱ्याच उपकरणांबाबत खरं होतं. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. ‘वैद्यकीय उपकरण नियम, २०१७’ मध्ये धोक्याच्या चढत्या क्रमानं ए, बी, सी आणि डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून, तर सी आणि डी वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, पुढच्या दोन वर्गांचा केंद्रीय यंत्रणा. ए वर्गातल्या निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे, पण नोंदणी त्यांनाही चुकत नाही. म्हणून प्रस्ताव हातात आला की आधी त्याचा वर्ग विचारावा. वेळ आणि खर्च दोन्ही त्यावर ठरतात.

‘डॉक्टरांना आवडलं, म्हणजे खपेल,’ या समजुतीनं मात्र चांगली उपकरणंही बुडतात. वापरणारी परिचारिका, खरेदी करणारा विभाग आणि पैसे भरणारा रुग्ण, विमा कंपनी किंवा सरकार, हे सगळे वेगळे असतात. पुण्याच्या जीवट्रॉनिक्सनं हातानं फिरवूनही चालणारा डिफिब्रिलेटर बनवला. वीज नसताना हृदयाला झटका देणारं असं यंत्र ग्रामीण रुग्णालयात अमूल्य ठरू शकतं. पण तिथली खरेदी बहुतेक वेळा सरकारी निविदेतून होते. निविदेची वाट पाहणं, बिलं उशिरा मिळणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं, दुरुस्तीला माणूस पाठवणं हे सगळं हिशेबात हवं. डॉक्टरांच्या शिफारसपत्रापेक्षा पूर्ण किंमत मोजून दुसऱ्यांदा मागणी नोंदवणारं एक छोटं रुग्णालय मला अधिक भरवशाचं वाटतं. शक्य असेल तर पिंपरीच्या वायसीएमसारख्या रुग्णालयात परवानगी घेऊन एक रात्रपाळी पाहावी. उपकरण नेमकं कोणाच्या हातात जाणार, हे तिथे कळतं.

‘काही महिन्यांत उपकरण बाजारात आणता येतं,’ असं म्हणत कोविडचा दाखलाही वरचेवर दिला जातो. पुण्याच्या नोका रोबोटिक्सनं आयआयटी कानपूरच्या पाठबळावर काही महिन्यांत व्हेंटिलेटर उभा केला, हे खरंच आहे. पण तेव्हा तज्ज्ञ रात्रंदिवस मदतीला होते आणि पीएम केअर्समधून देशी बनावटीचे ५०,००० व्हेंटिलेटर घ्यायचं ठरलं होतं. मार्च २०२० मध्ये कोविड चाचणीच्या किटला मंजुरी मिळवणारी मायलॅब ही कंपनी तर आधीपासूनच रेण्वीय चाचण्यांची किटं बनवत होती.

किंमतही पूर्णपणे आपल्या हातात नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या धमनीत बसवायच्या औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. रुग्णाच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. ज्यांच्या किमतीला अशी मर्यादा घातलेली नाही, त्या उपकरणांची छापील किंमतही बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. उद्या भाव निम्मा झाला तर प्रकल्प तगेल का, हे गणित आजच मांडायला हवं.

राहिला ‘एकदा निवडलं की पैसे घालत राहायचे’ हा समज. बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बिग’ योजनेत कल्पना पडताळण्यासाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पाषाणला एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र नवउद्योजकांना हात देतात. अशा ठिकाणी चाळणीतून गेलेल्या प्रस्तावालाही पैसा हप्त्यांनीच द्यावा. पहिला हप्ता गरज पडताळायला, दुसरा नमुन्याच्या चाचण्यांना, तिसरा रुग्णांवरच्या अभ्यासाला. साच्यांचा आणि स्वच्छ खोलीचा खर्च त्यानंतर. कोणता निकाल आला तर पुढचा हप्ता थांबेल, ते दोन्ही बाजूंनी सही करण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावं.